वळचणीची पाखरे

चिमण्यांसाठी लाकडी घरटी, दाण्यांची लोंबती भांडी आणि पाण्याची मातीची परळे आता शहरातल्या रोपवाटिकांत सहज मिळतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि त्या निमित्ताने कितीतरी गॅलऱ्यांत अशी घरटी लागली. या धडपडीमागची कळकळ खरी आहे, तिचा आदरच केला पाहिजे. तिच्यामागचे एक गृहीत मात्र तपासून पाहायला हवे. पूर्वीची माणसे पाखरांवर माया करत, त्यांना दाणापाणी देत, म्हणून पाखरे घराशी असत. ती माया आटली आणि पाखरे गेली, असे आपण समजतो. मराठी घराचा गेल्या दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास वेगळे काही सांगतो. पाखरांना बहुधा कोणी बोलावलेले नव्हते. घर ज्या पद्धतीने बांधले जाई, धान्य ज्या पद्धतीने निवडले-कांडले जाई आणि सांडपाणी जिथे सोडले जाई, त्यातून त्यांची सोय होऊन जात होती. ती बांधणी बदलली, ती कामे घरातून गेली आणि त्यांच्या पाठोपाठ पाखरेही गेली. हे पटले, तर त्यांना परत आणण्यासाठी काय करायचे याचे उत्तरही बदलते.

पुण्याचा वाडा घेऊ, कारण त्याच्या बांधणीची माहिती आपल्याला नीट आहे. दगडी जोते, लाकडी सांगाडा, विटांच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, त्यांत कोनाडे आणि दिवळ्या, मधे उघडा चौक, वर वासे आणि नळीची कौले. या बांधणीत फटी राहणे अटळ होते. तुळई भिंतीत शिरते तिथे बोटभर जागा उरे, नळीच्या कौलांच्या शेवटच्या ओळीत वळचणीला गोल तोंडे उघडी राहत, मातीच्या भिंतीतले पोकळ झालेले कोपरे वर्षानुवर्षे तसेच असत. मराठवाडा-सोलापूरकडच्या माळवदाच्या घरांत लाकडांच्या जोडांमध्ये अशीच जागा सापडे. चिमणी बिळात-पोकळीत घरटे करणारी, पण स्वतः पोकळी कोरू न शकणारी जात आहे. तिला तयार भोक लागते, आणि वाडा तिला अशी अनेक भोके देत होता. भिंतीवर कलती टांगलेली देवाची तसबीरही त्यातलीच एक जागा. मागच्या तिरप्या पोकळीत काड्या कोंबून अंडी घातली जात आणि घरच्या बाईला रोज खालचा कचरा काढावा लागे. साळुंकी आणि पिंगळा यांनाही आढ्याच्या, पडक्या भिंतींच्या मोठ्या पोकळ्या पुरत. कोणत्याही गवंड्याने हे पक्ष्यांसाठी केलेले नव्हते. माती, लाकूड आणि हाताने घडवलेले कौल यांची मापे काटेकोर जुळत नाहीत, एवढेच त्याचे कारण होते.

पोकळी मिळाली तरी पोट भरावे लागते, आणि इथे घरकामाचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. ज्वारी, बाजरी किंवा भात वर्षाचा भरला जाई. तो अंगणात वाळत घातला जाई, सुपाने पाखडला जाई, ओसरीवर निवडला जाई, उखळात कांडला जाई. या प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडे: कणी, कोंडा, चुणी, किडका दाणा, गवताचे बी. आज आपण जी वाटी मुद्दाम भरून ठेवतो, ती तेव्हा रोज नकळत भरली जात होती. शिवाय हे दाणे अंगणभर विखुरलेले असत, त्यामुळे एकट्या दांडग्या पक्ष्याला सगळे बळकावता येत नसे. ही कामे घरातून कधी गेली, याचा एक अनपेक्षित पुरावा लोकगीतांच्या अभ्यासातून मिळतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले हे काम घाईने करावे लागले, कारण पिठाच्या गिरण्यांनी जाते थांबवले होते आणि जात्याबरोबर ओवीही विसरली जात होती. शहरांत ही स्थिती त्याआधीच आली होती. पुढे निवडलेले धान्य पिशव्यांतून आणि तयार पीठ पुड्यांतून घरात येऊ लागले. त्या पुडीतून अंगणात काही सांडत नाही, आणि बहुतेकांना अंगणही उरलेले नाही.

तरीही धान्य हा या गोष्टीचा लहान भाग आहे. मोठा भाग घराच्या मागे होता. परसात मोरीचे पाणी जिथे उतरे तिथे अळू आणि केळ लावण्याची रीत घराघरांत होती. त्यामागे वापर होता: साबणा-सोड्याचे, राखेचे, खरकट्याचे पाणी मुरायला जागा हवी आणि वडीला पान हवे. त्या पाण्याने जमीन बारा महिने ओली राही. ओल्या मातीत गांडुळे, किडे, अळ्या. त्यांच्यामागे दयाळ, सातभाई, हिवाळ्यात धोबी. केळफुलातला मध चाखायला शिंजीर येई. लिंबाच्या, कढीलिंबाच्या झाडांवर फुलपाखरांच्या अळ्या असत आणि त्या टिपायला शिंपी व वटवटे फिरत. पलीकडे गोठा, शेणाचा उकिरडा, सरपणाचा ढीग आणि कुंपणाला अडुळसा, मेंदी, शेर यांची गच्च गर्दी. ही जागा देखणी नव्हती. पाहुणा पुढच्या दाराने येई, परसात घरच्यांचाच वावर. म्हणूनच तिथे रोज केर काढून कोळ्यांची जाळी झाडली जात नसत. शिंजीर, चष्मेवाला, नाचण हे पक्षी आपली घरटी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनीच बांधतात. शिंपी पाने शिवताना तोच धागा कापसाबरोबर वापरतो. कोळिष्टके न राहिलेल्या बागेत मधाची फुले कितीही लावली तरी शिंजीर येईल, मध पिईल आणि घरटे बांधायला दुसरीकडे जाईल.

अळ्यांचा मुद्दा इथे ठामपणे मांडला पाहिजे, कारण त्यावरच पुढचा सगळा युक्तिवाद उभा आहे. मोठी चिमणी दाणे खाते म्हणून आपण तिला धान्यावर जगणारा पक्षी समजतो. तिची पिल्ले मात्र जन्मानंतरचे पहिले दिवस जवळजवळ पूर्णपणे किड्यांवर, अळ्यांवर वाढतात. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा जिथे पिल्लांच्या वाट्याला किडे कमी आले तिथे ती कमी वाचल्याचे दिसले. म्हणजे दाण्याची वाटी आई-बापांना जगवते. पुढची पिढी परसातल्या अळीवर, उकिरड्यावरच्या माशीवर आणि कुंपणातल्या किड्यावर जगते. लाकडी घरटे टांगूनही चिमण्या टिकत नाहीत अशी तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते, तिचे उत्तर बहुधा इथे असते.

पाण्याचाही इतिहास असाच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून पुण्यात आणले गेले आणि शनिवारवाड्यासह शहरातल्या हौदांत खेळवले गेले. हौद उघडा असे, त्याच्या कडेला पाणी सांडे, चौकातल्या तुळशीला रोज पाणी पडे. विहिरींच्या काठावरच्या, पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीची घरटी लोंबत. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम गावी सुगरणींच्या वसाहतीचा जो अभ्यास केला, त्यातून नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकाहून अधिक माद्यांशी संसार मांडतो हे जगापुढे आले. माणसांच्या वस्तीला लागून असलेल्या पाखरांकडे शास्त्रज्ञाने इतक्या बारकाईने पाहण्याचे हे आपल्याकडच्या पहिल्या काही उदाहरणांपैकी एक आहे. पुढे नळ आले, विहिरी बुजल्या, हौद कोरडे पडले किंवा झाकले गेले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हा सगळा हिशेब कोरडा आहे आणि काकबळीची, दाणे घालण्याची परंपरा त्यात विसरली गेली आहे. ती परंपरा जुनी आणि खरी आहे, यात शंका नाही. वैश्वदेवातला काकबळी, पितृपक्षातला घास, दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणारी माणसे, कोकणात दाराला बांधलेले नव्या भाताच्या लोंब्यांचे नवे आणि त्याला टोचणाऱ्या चिमण्या, ही आपल्या जगण्याची ओळख आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत पंढरीरायाच्या येण्याचा शकुन कावळ्याला विचारला जातो. शेणाच्या आणि मेणाच्या घराची जी गोष्ट आपण चिऊ-काऊची म्हणून मुलांना सांगतो, ती तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात आहे, आणि तिथे चिमणीच्या जागी साळई आहे. घराशेजारचा पक्षी निदान सातशे वर्षे मराठी माणसाच्या मनात आहे. पण हीच परंपरा माझ्या बाजूचा सर्वात मोठा पुरावा देते. शहरांत काकबळी रोजच्या जेवणातून जवळजवळ नाहीसा झाला, तरी कावळा शहर सोडून गेला नाही, कारण त्याचे खरे अन्न उघडा कचरा होता आणि तो शहरात भरपूर आहे. पारवा मूळचा कडेकपारींत राहणारा. उंच इमारतींच्या सज्जांनी त्याला कडे मिळवून दिले आणि त्याची संख्या वाढत गेली. उलट चिमणीविषयीचे प्रेम गेल्या पंधरा वर्षांत वाढले, दिवस साजरा होऊ लागला, तरी मोठ्या शहरांत ती सावरलेली नाही. कोण राहणार आणि कोण जाणार हे आपल्या भावनेने ठरत असते, तर याच्या उलट घडायला हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: तो जुना काळ पाखरांसाठी सुखाचा होता असे कशावरून? तो तसा नव्हताच. शेतात मचाणावरून गोफण फिरत होती, मुलांच्या हाती बेचकी होती, पोपट पिंजऱ्यात होता, पारध्यांनी फाशात धरलेले तितर-लावे बाजारात विकले जात. कायद्याचे खरे संरक्षण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आले. पण हे सगळे मान्य केल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो: इतका उपद्रव होऊनही पाखरे घराशी का राहिली? दयेच्या उलट वागणाऱ्या माणसांच्या शेजारीही त्यांची वस्ती टिकली, कारण घरटे, किडा आणि पाणी या तीन गोष्टी तिथे होत्या. म्हणून मी त्या काळाची स्तुती करत नाही. तेव्हाचे गोठे आणि उघडी गटारे परत आणा, असे कोणी म्हणू नये. त्यांनी माणसांना आजार दिले आणि बायकांचे आयुष्य जात्या-उखळात गेले. त्या व्यवस्थेतले पाखरांच्या उपयोगाचे काय होते, तेवढे वेगळे काढून पाहणे मात्र शक्य आहे.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. तिच्यातले पहिले बदल इंग्रजी अमलात आले. छावण्यांतल्या बंगल्यांभोवती हिरवळ, क्रोटनच्या कुंड्या आणि कापलेले कुंपण असलेली बाग आली. बाग म्हणजे पाहण्याची जागा, हा विचार तिने रुजवला. त्या बंगल्यांतही पाखरे भरपूर होती, हे साताऱ्यात जन्मलेल्या ई. एच. एटकेन यांच्या लिखाणातून कळते. मुंबई इलाख्याच्या जकात खात्यातले हे अधिकारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधल्या संस्थापकांपैकी एक. त्याच वर्षी त्यांचे बंगल्याभोवतीच्या जीवसृष्टीवरचे पुस्तक आले आणि १९०० मध्ये मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे. छप्पर मातीचे-कौलाचे होते, तबेला शेजारी होता, माळी पाटाने पाणी सोडत होता, तोवर हिरवळीने फारसे बिघडले नाही. पण बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात सुरू केलेल्या कारखान्यातली, एकमेकांत घट्ट बसणारी कौले हळूहळू नळीच्या कौलांची जागा घेऊ लागली. मुंबईत १८७४ मध्ये सुरू झालेल्या ट्रामला घोडे होते. १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली. घोड्याच्या तोबऱ्यातून सांडणारा हरभरा आणि लिदीतले दाणे हा शहरी चिमणीचा मोठा आधार होता. युरोपातल्या शहरांतही घोडे गेल्यावर चिमण्या कमी झाल्याची नोंद आहे. पुण्यात वाड्यांचा शेवट आणखी उशिरा आला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर दुरुस्ती परवडेनाशी झाली, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले वाडे खचवले, आणि पुढे त्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. गुळगुळीत गिलावा, सरकत्या काचा, फरशीचे आवार. चिमणी धुळीत लोळून अंगावरची पिसवा-कीड झाडते, आणि पेव्हर ब्लॉक घातलेल्या आवारात त्यासाठी हातभर माती राहत नाही.

चिमण्या कमी होण्याचे खापर अनेकजण मोबाइलच्या मनोऱ्यांवर फोडतात. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घसरण १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा मोबाइल कोणाच्या हातात नव्हता. शिवाय २०२० च्या भारतीय पक्षी-स्थिती अहवालाने देशभरात चिमणी साधारण टिकून असल्याचे सांगितले. घट दिसली ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत. काही जण या अहवालाचा आधार घेऊन काळजीचे कारण नाही म्हणतात. मला त्यातून उलट अर्थ दिसतो. खेड्यात जिथे अजून अंगण, गोठा आणि फटीचे घर आहे तिथे चिमणी आहे, आणि जिथे हे तिन्ही गेले तिथे ती गेली आहे. याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

परकी झाडे तोडा आणि देशी लावा, असा आग्रहही हल्ली जोरात आहे. त्याचा गाभा बरोबर आहे: उंबर, वड, पिंपळ यांची फळे तांबट, हळद्या, कोकीळ यांना जगवतात, पांगारा, काटेसावर आणि पळस ऐन कोरड्या दिवसांत मध देतात, आणि देशी झाडावर देशी अळ्यांचे प्रमाण अधिक असते. पण इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर जुन्या परसातही परदेशी पाहुणे होते. पेरू, सीताफळ, पपई, मिरची आणि कुंपणाचा फड्या निवडुंग अमेरिकेतून आले, शेर आफ्रिकेचा. पिकलेली मिरची टोचणाऱ्या बुलबुलाने तिचे गाव विचारले नाही. खरा प्रश्न झाडाचे मूळ काय हा एकटाच नाही. ते झाड खायला काय देते, त्यात लपायला दाटी आहे का, आणि त्यावर औषध फवारले जाते का, हेही तितकेच महत्त्वाचे. सारखी छाटलेली, फवारलेली देशी झाडांची बागही पाखरांसाठी ओसाडच असते.

दाणे घालण्याविषयी आता निर्णय द्यायला हरकत नाही. थोडे दाणे, सकाळी, विखरून, आणि उरलेले झाडून टाकून, असे केल्यास नुकसान नाही. ढिगाने दाणे टाकण्याचा परिणाम मुंबईच्या कबुतरखान्यांत दिसला. भूतदयेतून उभ्या राहिलेल्या या जागा पारव्यांच्या विष्ठेतून होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारांमुळे २०२५ मध्ये बंद करण्याचे आदेश निघाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ज्याला मदतीची गरज नाही तोच पक्षी ढिगावर सर्वात आधी पोचतो. त्यापेक्षा जुन्या घराने नकळत जे दिले ते आज समजून-उमजून देणे शक्य आहे. नव्या इमारतीच्या वरच्या भिंतीत काही विटा पोकळ ठेवून साधारण ३२ मिलिमीटरची भोके ठेवता येतात. त्यातून चिमणी जाते, पारवा जात नाही. गॅलरीत पाण्याचे उथळ परळ ठेवून ते दोन-तीन दिवसांनी घासून धुतले, तर डास होत नाहीत. कढीलिंबाच्या कुंडीतल्या अळ्या मारायच्या नाहीत, अडुळसा आणि मेंदी कापून चौकोनी करायची नाही, कोपऱ्यातली कोळिष्टके जून ते सप्टेंबर तरी राहू द्यायची.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या हाती एवढेच असते, असेही नाही. शहरातली बरीच मोकळी जमीन आज गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात आहे, आणि तिच्यावर पेव्हर ब्लॉक घालायचे की माती ठेवायची हे सर्वसाधारण सभेत हात वर करून ठरते. पुढच्या सभेत मागच्या भिंतीलगतची एक पट्टी मातीची ठेवावी, तिथे फवारणी करू नये आणि पाला झाडून नेऊ नये, असा ठराव मांडा. तो सभेपुढे आणायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो.